खळ्यावर न थांबलेलं घड्याळ

मित्रांनो, मी सांगतो आहे ते १९६५ सालचं आहे. पावसाळा सरून बोंबलांचा हंगाम लागला होता. लढाई नुकतीच थांबली होती, आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेले काळे कागद अजून कोणी काढले नव्हते. मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. मनगटावर बांधायचं घड्याळ नव्हे, मुठीत धरायचं. माझ्या डोक्यावर एकच बटण आहे. एकदा दाबलं की काटा पळू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की मुकाट्यानं शून्यावर येऊन उभा राहतो. किती वाजले ते मला कधीच सांगता आलं नाही. किती वेळ गेला, एवढंच मला कळतं.

माझा जन्म परदेशातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एक थंड खोली आठवते, आणि भिंग डोळ्याला लावून माझ्या पोटात इवलीशी चाकं बसवणारी एक म्हातारी बाई. मुंबईत आलो तो एका कापड गिरणीच्या साहेबाच्या खिशातून. गिरणीत माझा मोठा मान होता. मला मखमलीच्या डबीत ठेवत, रोज सकाळी चावी देत आणि मऊ कापडानं पुसत. पण मित्रांनो, मान असला म्हणजे माया असतेच असं नाही. मी साचेखात्यात पाऊल टाकलं की कामगारांची बोलणी बंद होत. साचा म्हणजे कापड विणायचा माग. साहेब एखाद्या चपळ विणकरामागे उभा राही आणि बटण दाबी. त्याचा हात चालू लागला की मी चालू, आणि घाम पुसायला थांबला की मी बंद. म्हणजे घाम पुसण्याचा वेळ कुठे लिहिलाच जात नसे. मग त्या चपळ माणसाचा सगळ्यात चपळ क्षण घेऊन तो सगळ्यांना नियम म्हणून लावत. असं करता करता दोन साचे बघणाऱ्या माणसाकडे चार साचे आले.

एके दिवशी एका उंच, हडकुळ्या विणकरानं साहेबाच्या हातावर फटका मारला. मी फरशीवर पडलो. माझ्या कडेला एक खाच पडली, ती आजही आहे. त्या माणसाला त्याच दिवशी गिरणीबाहेर काढलं. त्याचं नाव मला तेव्हा कळलं नाही. त्याचा अंगठा मात्र लक्षात राहिला. सूत लागून लागून त्याच्या मध्यावर एक खोल रेघ पडली होती.

पुढे गिरणीनं नवी घड्याळं घेतली आणि मला एका कॉलेजाला देऊन टाकलं. तिथे कामगारांचं जिणं अभ्यासण्याचा एक विभाग होता. कामगार किती वेळ उभा राहतो, त्याची पाठ दुखते का, त्याला प्यायला पाणी मिळतं का, अशा गोष्टींवर तिथे जाडजूड प्रबंध लिहिले जात. मी मात्र खणात पडून होतो. टाचण्यांचा डबा आणि वाळलेली शाई यांच्यात मी सात वर्षं काढली. मग एक दिवस खण उघडला आणि पुष्पलताबाईंनी मला उचललं.

पुष्पलताबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. दोन वेण्या, जाड चष्मा, आणि खांद्याला कापडी पिशवी. तारापूरला तेव्हा वीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. त्यामुळे आसपासच्या गावांतल्या माणसांच्या कामधंद्यावर काय परिणाम होतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. बोईसरला उतरून त्या मुरबे गावी गेल्या आणि काशीबाईंच्या पडवीत राहिल्या. काशीबाई कोळीण होत्या, पन्नाशीच्या. त्यांचा नवरा आणि दोन्ही मुलगे बोटीवर जात. पुष्पलताबाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्याकडं मासळीचा वास येल, खोबऱ्याच्या तेलाचा नाय. जमत असंल तर पथारी टाक."

पिशवीत माझ्याशेजारी छापील तक्त्यांची चळत होती. सायक्लोस्टाइलवर काढलेले, निळसर अक्षरांचे तक्ते. त्यात चौथा प्रश्न असा होता: ‘आपण काम करता काय? होय / नाही.’ आणि खाली कंसात बारीक अक्षरांत: ‘उत्तर नाही असल्यास प्रश्न तेवीसकडे जावे.’

ती कंसातली ओळ नीट लक्षात ठेवा. सगळा घोटाळा तिनंच केला.

पुष्पलताबाई खळ्यावर गेल्या. खळं म्हणजे समुद्रालगतची मासळी सुकवायची मोकळी जागा. तिथे बांबू रोवून, आडवे दोर बांधून मांडव घातलेले असत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टांगायची, मग दुसरी, मग तिसरी. शेकडो जोड्या वाऱ्यावर हलत. काशीबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते.

"काशीबाई, तुम्ही काम करता का?"

"नाय गो बाय," जबडे अडकवता अडकवता काशीबाई म्हणाल्या. "काम आमचे मालक करतात. मी आपली घरीच असते."

पुष्पलताबाईंनी ‘नाही’वर खूण केली आणि तेविसाव्या प्रश्नाकडे वळल्या. तो होता, ‘घरात दिवा कोणता आहे? कंदील / चिमणी / वीज.’

पलीकडच्या मांडवात साखरबाई होत्या, सत्तरीच्या, तोंडानं तिखट. त्या म्हणाल्या, "काम? माझं वय हाय का आता कामाला जायचं?" आणि वीस शेराची पाटी डोक्यावर घेऊन निघून गेल्या. एकूण एक्केचाळीस बायकांना विचारलं आणि एक्केचाळीस वेळा ‘नाही’वर खूण झाली. पाचपासून बावीसपर्यंतचे प्रश्न कोणाला विचारलेच गेले नाहीत. पाय सुजतात का, कंबर दुखते का, सावली आहे का, विसावा किती, हे सगळे त्यातच होते. पुष्पलताबाई काशीबाईंच्या हातची भाकरी खात होत्या, त्यांना खाऱ्या पाण्यानं चिरलेल्या बोटांना तेल लावताना रोज बघत होत्या. तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. छापलेल्या कागदाचा दरारा असाच असतो. माझाही होता, म्हणून सांगतो.

कामाच्या पाहणीची एक प्रत पालघरच्या सरकारी कचेरीतल्या साहेबांनी मागितली होती. पुष्पलताबाईंनी सुवाच्य अक्षरात ती पाठवली.

तीन आठवड्यांनी मच्छीमार सोसायटीचे कारकून कमलाकांत खळ्यावर आले. त्यांच्या हातात एक कागद होता. त्यांनी तो दोनदा मनात वाचला, मग मोठ्यानं. बांधकामाच्या एका ठेकेदाराला खडी टाकायला जागा हवी होती. मुरब्याची ही जागा त्याला द्यायचं ठरत होतं. कारण पाहणीप्रमाणे तिथे ‘कामकरी स्त्रिया: शून्य’. जागेचा कोणाच्या कामधंद्यासाठी उपयोग होत नाही, सबब हरकत नसावी.

"शून्य म्हंजे किती?" साखरबाईंनी विचारलं.

"शून्य म्हणजे कोणीच नाही, आजी."

"मंग मी कोन? माझं भूत बोंबील टांगतं व्हय?"

बायका हसल्या, पण क्षणभरच. खळं गेलं तर बोंबील सुकवायचे कुठे? गावाच्या दुसऱ्या अंगाला खाडीचा चिखल, मागे घरं. वारा आणि ऊन दोन्ही मिळेल अशी जागा एवढी एकच. ताजा बोंबील संध्याकाळपर्यंत पाणी होतो. सुकवता आला नाही तर पावसाळ्याचे चार महिने, बोटी बंद असताना, चुलीवर काय ठेवायचं? काशीबाईंनी मान वळवून पुष्पलताबाईंकडे पाहिलं.

"ते तू लिवलंस?"

पुष्पलताबाईंचा चेहरा उतरला. "तुम्हीच म्हणालात, काम नाही करत."

"खरंच बोलले मी. काम कुठं करते?"

"मग हे काय करता आहात?"

"ह्ये? ह्ये तर बोंबलाचं हाय." काशीबाईंनी हातातली जोडी दोरावर टाकली. "काम म्हंजे दुसऱ्यानं हाक मारून बोलवायचं, आनि सांज झाली की घरी सोडायचं. तशी हाक मला कोन मारतंय? आनि सोडनार कोन?"

पुष्पलताबाई तिथेच वाळूत बसल्या. त्यांनी चष्मा काढला. मी पिशवीतून ऐकत होतो. त्या रडत होत्या, आणि साखरबाई म्हणत होत्या, "रडू नको गो. बोंबील आधीच खारट हाय."

रविवारी बांधकामावरचे कामगार सुकी मासळी घ्यायला गावात येत. त्यांत घाटावरचा एक उंच माणूस होता, बन्सी. पुष्पलताबाई त्याला ओळखत होत्या. बांधकामावरच्या कामगारांना प्रश्न विचारताना त्यांनी मला पिशवीतून काढताच तो ओळीतून उठून गेला होता. त्या दिवशी खळ्यावर पुष्पलताबाई मला चावी देत बसल्या होत्या. बायकांना त्या सांगत होत्या, "आता विचारत नाही. आता मोजते. दिवसभर बसते आणि तुम्ही काय काय करता ते घड्याळ लावून लिहिते."

"काशीबाई," बन्सी मागून बोलला, "ह्यास्नी मोजू दिऊ नका. गिरणीत असलंच यंत्र आलं हुतं. लई गोड बोलून आलं. दोनाचं चार साचं झालं. माझा शेजारी साच्यापाशीच पडला. मापणारा मानूस कधी आपल्या बाजूचा नसतो."

बायका सावध झाल्या. साखरबाई पुढे झाल्या. "म्हंजे आमी एका मिन्टात धा जोड्या टांगल्या तर उद्या इस टांग म्हनतील?"

पुष्पलताबाईंनी मला बन्सीच्या हातावर ठेवलं. "मग तुम्ही सांगा, कसं मोजू?"

बन्सीनं मला उलटं केलं, सुलटं केलं. त्याचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला आणि खाचेपाशी येऊन थांबला. त्या अंगठ्याच्या मध्यावर खोल रेघ होती. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी काय बोललो असतो कोण जाणे. त्याला कळलं की नाही, तेही मला कधी कळलं नाही.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "मानूस थांबला की घड्याळ थांबवायचं, ही त्यांची रीत. तुमी बटणाला हात लावू नका. घाम पुसला तरी चालू ठेवा, पानी प्यायला तरी चालू ठेवा. हात किती पळतो ते लिहू नका. ती किती वेळ उभी हाय, त्ये लिहा."

मला बनवलंच होतं थांबण्यासाठी. नावातच थांबणं. आणि आता माझ्याकडून न थांबण्याचं काम घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना बोटी लागल्या आणि पुष्पलताबाईंनी बटण दाबलं. माझा लहान काटा अर्ध्या तासात एक फेरी करतो. प्रत्येक फेरीला त्या वहीत एक काडी ओढत, मधून मधून मला चावी देत. ‘काम’ हा शब्द त्यांनी सोडून दिला होता. त्या एवढंच विचारत, "आता हाताला काय लागलं?" आणि बायका भराभरा सांगत. टोपल्या उतरवल्या. बोंबील निवडले, धुतले, टांगले. कावळे हाकलले. कालचे उलटले, परवाचे काढले. दोर सैल झाला तो ओढून बांधला. मध्येच घरी जाऊन भात लावला.

दुपारी काशीबाई पहिल्यांदा खाली बसल्या. पुष्पलताबाईंनी घाईनं लिहिलं, ‘विश्रांती.’

"काय लिवलंस?"

"बसलात ना तुम्ही."

"अगो, जाळं शिवायला बसलेय! खोड ते."

पुष्पलताबाईंनी ते खोडलं. दिवे लागेपर्यंत सव्वीस काड्या झाल्या, म्हणजे तेरा तास. त्यात काशीबाई निव्वळ बसल्या होत्या बावीस मिनिटं. काशीबाईंना आकडा सांगितला तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. "चल, कायतरीच. मी तर घरीच होते."

असे सहा दिवस आम्ही सहा बायकांबरोबर घालवले. पाचपासून बावीसपर्यंतचे प्रश्न सगळ्या एक्केचाळीस जणींना नव्यानं विचारले गेले. मग पुष्पलताबाई पालघरला साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "बाई, गेल्या महिन्यात शून्य, या महिन्यात एक्केचाळीस. मी कोणता खरा धरू?"

"पहिला चुकीचा आहे. चूक माझी आहे, तसं मी लिहून देते."

"तुमच्या पदवीचं काय होईल?"

"ते माझे सर ठरवतील. खळ्याचं तुम्ही ठरवणार आहात."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "सोमवारी मी स्वतः येतो."

सोमवारी साहेब आले. पायांत बूट, डोक्यावर हॅट, बरोबर शिपाई. कमलाकांत पुढे, बायका आपापल्या मांडवात. काम सोडून बन्सीही आला होता आणि एका खांबाला टेकून उभा होता. साहेब थेट काशीबाईंपाशी गेले, आणि मित्रांनो, त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला.

"बाई, तुम्ही काम करता काय?"

काशीबाईंच्या ओठांवर जन्मभराची सवय आली. "ना..." एवढं त्या बोलल्याही. साखरबाई मोठ्यानं खोकल्या. पुष्पलताबाईंनी डोळे मिटले.

काशीबाई थांबल्या. त्यांनी पुष्पलताबाईंच्या हातातून मला घेतलं आणि साहेबांच्या तळव्यावर ठेवलं. माझ्यावर बोंबलाचं पाणी लागलं.

"साहेब, मला शिकलेलं बोलता येत नाय. ह्ये धरा. ती टोपली घेतली की वरचं दाबा, आनि मी थांबले की परत दाबा. मंग तुमीच सांगा, काम करते का नाय."

साहेब हसले, पण त्यांनी बटण दाबलं. काशीबाईंनी टोपली ओढली. जबड्यात जबडा, जोडी दोरावर. जबड्यात जबडा, जोडी दोरावर. साहेबांचा अंगठा माझ्या बटणावर तयार होता. काशीबाई पुढल्या दोराकडे गेल्या, साहेब मागोमाग. टोपली संपली, दुसरी आली. कावळा आला, काशीबाईंनी जोडी हातात ठेवूनच त्याला हाकललं. अंगठा तसाच होता, पण मला त्याचा घाम जाणवू लागला. ऊन वर चढलं. साहेबांनी एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं, मग पुन्हा पहिल्यावर. माझ्या लहान काट्यानं एक फेरी पुरी केली, मग दुसरी.

"जरा पाणी मिळेल?" साहेब म्हणाले.

"त्या हंड्यात हाय," मागं न बघता काशीबाई म्हणाल्या. "तुमीच घ्या. माझे हात बोंबलाचे हाईत."

साहेबांनी पाणी घेतलं आणि सावली शोधली. खळ्यावर सावली नव्हती. तो एकोणिसावा प्रश्न होता. शेवटी ते उलट्या पडलेल्या होडीवर बसले.

"साहेब बसले गो!" साखरबाई ओरडल्या. "काशे, तू हाइस का उभी?"

"हाय!"

एक तास अकरा मिनिटं झाली होती. साहेबांनी अंगठा बटणावरून काढला आणि मला चालू ठेवूनच पुष्पलताबाईंच्या हातात दिलं. जाताना त्यांनी शिपायाला हळू आवाजात सांगितलं, "पहिला कागद फाईलमधून काढ."

सगळंच खळं वाचलं असं नाही. दक्षिणेकडची एक पट्टी रस्त्यासाठी गेलीच आणि सात मांडव मागे सरकवावे लागले. पण खडी दुसरीकडे पडली. खळ्यावर पत्र्याची एक शेड झाली आणि पाण्याचा एक नळही आला. पहिल्या दिवशी शेडमध्ये कोणीच बसलं नाही. दुसऱ्या दिवशी साखरबाई बसल्या आणि म्हणाल्या, "माझं वय हाय आता बसायचं."

त्या साखरबाई सहा वर्षांनी गेल्या. त्याआधीच कमलाकांतांनी सोसायटीच्या वहीत बायकांची नावं लिहायला सुरुवात केली होती, त्यात पहिलं नाव साखरबाईंचं होतं. कमलाकांत निवृत्त होऊन माहीमला मुलीकडे राहायला गेले. साहेबांची बदली दूर, घाटापलीकडे देशावर झाली. तिथून त्यांनी पुष्पलताबाईंना एकच पत्र लिहिलं, त्या सावलीबद्दल विचारणारं. बन्सी परत गिरणीत गेला नाही. बोईसरला कारखाने उभे राहिले तसा तो त्यांतल्या एकात फिटर झाला. तिथे घड्याळ घेऊन कोणी मोजायला आलं की कामगार आधी बन्सीला बोलावत. काशीबाई ब्याऐंशी वर्षं जगल्या. जनगणनेचा माणूस दारात आला आणि त्यानं तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बस इथं. सांगायला येळ लागंल." पुष्पलताबाईंचा प्रबंध दोन वर्षं उशिरा पुरा झाला. पहिल्याच पानावर त्यांनी स्वतःची चूक लिहिली होती. पुढे त्या शिकवू लागल्या. नवा विद्यार्थी तक्ता घेऊन आला की त्या आधी त्याच्या चौथ्या प्रश्नावर रेघ मारत.

आणि मी? त्या सोमवारी मला कोणीच थांबवलं नाही. बोईसरच्या एस.टी.त, पिशवीच्या तळाशी, माझी चावी संपली आणि मी आपोआप उभा राहिलो. मोठा काटा चाळिसाच्या पुढे, लहान सतरावर. पुष्पलताबाईंनी मला पुन्हा कधी चावी दिली नाही, शून्यावरही आणलं नाही. आज मी त्यांच्या भाचीच्या कपाटात आहे. माझी काच पिवळी पडली आहे, स्प्रिंग गंजली आहे. चाळीस वर्षांत फक्त एकदा कोणी मला पुसलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला वर्षातून एकदा तरी मऊ फडक्यानं पुसत जा. तिच्या पोटात काय आहे ते बाहेरून कळत नाही. आणि तुमच्या घरी कोणी म्हणालं, मी कुठे काय करते, मी तर घरीच असते, तर लगेच ‘नाही’वर खूण करू नका. तिच्याजवळ जाऊन बसा. आज हाताला काय काय लागलं, असं विचारा आणि ऐकत राहा. मी आता चालत नाही, पण तुमच्याकडे वेळ आहे.

त्या सोमवारी आम्ही खळ्यावरून निघालो तेव्हा काशीबाई उभ्याच होत्या.